शाळेतला बाहुल्यांचा खेळ आणि दहा रुपये न आणलेली पोरं (खानदेश)

ओठ_न_हलवता | १८ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. इथे आठ-नऊ वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी, बायको आणि तिचा मामेभाऊ, असे आम्ही तिघं शाळाशाळांत कार्यक्रम करतो. माझ्याकडे बोलका बाहुला आहे, बायको हातमोज्याच्या बाहुल्या नाचवते, मामेभाऊ जादू करतो आणि ढोलकीही वाजवतो. एक जुनी ओम्नी आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्हे फिरतो. पंधरा ऑगस्ट झाला की आमचा हंगाम सुरू होतो. दिवाळीची सुट्टी सोडली तर फेब्रुवारी संपेपर्यंत चालतो. मार्चात परीक्षा आणि सकाळची शाळा, शिवाय आपल्याकडचं ऊन तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या शेडमध्ये चारशे पोरं कोंबून दुपारी बाराला खेळ लावला तर पोरं बाहुल्याकडे बघत नाहीत, पाण्याच्या टाकीकडे बघतात.

रीत जुनीच आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीचं पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटायचं, तारीख घ्यायची. शाळा आदल्या दिवशी सांगते, उद्या दहा-दहा रुपये आणा. जे जमेल ते आमचं.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या शाळेत गेलो. गाव आणि शाळा सांगत नाही. खेळ सुरू करायच्या आधी सरांनी यादी वाचली. पैसे न आणलेली एकतीस पोरं उठवली आणि शेजारच्या वर्गात शुद्धलेखन लिहायला बसवली. तो वर्ग स्टेजला लागूनच. खिडकीला गज, गजांत एकतीसमधली मावतील तेवढी तोंडं. मी बाहुला मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरच्या पोरांना हसवायचं होतं आणि माझी नजर सारखी डावीकडे जात होती. मध्येच एक शिक्षक जाऊन ती खिडकी लावून आले.

मी काही बोललो नाही. आपण पाहुणे, पैसे आपल्यालाच मिळणार, मग कोणत्या तोंडाने बोलायचं? पण तेव्हापासून झोप नीट लागत नाही. तुमच्यापैकी कोणी शिक्षक असतील, कोणी कलाकार असतील. तुमच्याकडे हे कसं करतात?


शेवभाजी_स्पेशल | १८ जानेवारी, रात्री १०:०५

आमच्या शाळेत जादूगार आला होता, त्याने माझ्या नाकातून अकरा नाणी काढली. घरी जाऊन मी दोन दिवस नाक शिंकरत होतो. बाकी वाचतोय.


खडूफळा | १८ जानेवारी, रात्री ११:२०

जिल्हा परिषद शाळेत बावीस वर्षं झाली. भाऊ, तुमचं वाचून वाईट वाटलं. पण टेबलाच्या अलीकडची बाजूही सांगतो.

पहिली गोष्ट, ते पोरांना उठवणं चूकच. आमच्याकडे मी तरी कोणाला उठवू देत नाही. दहावीस पोरांचे आम्ही शिक्षक मिळून भरतो. पण महिन्यात तीन जण आले की तेही जड होतं, आणि शाळेला जे तुटपुंजं अनुदान येतं त्यात खडू, झाडू, विजेचं बिल यातच जीव जातो. 'कलाकाराचे मानधन' असा रकाना आमच्या कीर्दीत मी अजून पाहिलेला नाही.

दुसरी गोष्ट, येणारे सगळे तुमच्यासारखे नसतात. एकाने दाखवलेलं परवानगीचं पत्र चार वर्षांपूर्वीचं होतं, तारखेवर चहाचा डाग. तो डाग नेमका तारखेवरच कसा पडतो बुवा? एकाने वीस मिनिटांत खेळ उरकला आणि मग पिशवीतून सामान्यज्ञानाची पुस्तकं काढली, तीस रुपयाला एक. पोरांना वाटलं, सर सांगतायत म्हणजे घ्यायलाच हवं. दुसऱ्या दिवशी चार आया माझ्या दारात.

आणि तिसरी, वेळ. तुम्ही लोक हटकून खिचडीच्या वेळेला येता. एकदा बाहुला आणि खिचडी एकाच वेळी समोर आले. बाहुला हरला.


गिरणामाई | १९ जानेवारी, सकाळी ७:१५

माझं माहेर भडगावकडचं. आमच्या लहानपणी, म्हणजे १९७६-७७ च्या सुमाराला, गावात रायरंद यायचा. आज पोलीस, उद्या सावकार, परवा अर्धा बाप्या अर्धी बाई. चार-पाच दिवस रोज वेगळं सोंग. त्यातला एक दिवस शाळेचा. हेडमास्तर त्याला मुद्दाम वर्गात पाठवायचे, इन्स्पेक्टरच्या सोंगात! आम्ही उभे राहून नमस्ते घालायचो आणि तो पाढे विचारायचा. माझी मैत्रीण रडायलाच लागली होती, सतराचा येत नव्हता म्हणून. मग त्याने टोपी काढली, अख्खा वर्ग लोटपोट.

पण मला सांगायचं आहे ते पैशांचं. त्याने आम्हा पोरांकडून एक पैसा कधी घेतला नाही. शेवटच्या दिवशी तो साध्या कपड्यांत यायचा आणि घरोघर बिदागी मागायचा. माझी आजी सुपात दादर ज्वारी घालायची, कोणी डाळ, कोणी जुनं धोतर. ज्याच्या घरी काही नाही त्याच्या दारावरून तो "जय हो माय" म्हणून पुढे जायचा. खेळ मात्र सगळ्यांनी बघितलेला असायचा.

खेळ आधी, बिदागी मागून, आणि तीही गावाकडून. हे उलटं कधी झालं? पोरांच्या मुठीत नाणं कधी आलं?


खडूफळा | १९ जानेवारी, सकाळी ७:५०

ताई, कळीचा प्रश्न विचारलात. शाळा गावाची होती तेव्हा गाव द्यायचं. आता शाळा सरकारची आहे, गाव फक्त पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला येतं. तेही अर्धं.


उगाच_बोलतो | १९ जानेवारी, दुपारी १:१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हे सगळं नीटनेटक्या कपड्यांतलं मागणंच आहे. आज प्रत्येक घरात मोबाइल आहे. जगातला उत्तमातला उत्तम बाहुलीवाला पोरगं फुकट बघू शकतं. मग ओम्नीतून आलेला खेळ कशाला हवा? शाळेचा अर्धा दिवस जातो तो वेगळा. निपुणचा, म्हणजे सरकारच्या त्या वाचन-गणिताच्या मोहिमेचा, अहवाल तुम्ही भरणार का?


नाट्यवेडा_जळगाव | १९ जानेवारी, दुपारी ३:३०

@उगाच_बोलतो, व्हिडिओतला बाहुला पोराचं नाव घेऊन त्याच्याशी भांडत नाही. फरक तेवढाच आहे आणि तेवढाच पुरेसा आहे.

मूळ लेखकाला : मी नाट्यशास्त्र शिकलोय, म्हणून थोडं आगाऊ. तुम्ही करता त्याला जोडून असलेला एक प्रकार जगभर चालतो, 'थिएटर इन एज्युकेशन'. इंग्लंडमधल्या कोव्हेंट्री शहराच्या बेलग्रेड थिएटरने १९६५ मध्ये तो सुरू केला. नट आणि शिक्षक यांची एकच तुकडी करून ती शाळांत पाठवायची. आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाने १९८९ मध्ये याच कामासाठी वेगळी टोळी उभी केली, तिचं नाव 'संस्कार रंग टोली'.

यात मुख्य गोष्ट अशी की चारशे पोरं एकदम बसवत नाहीत. एक वर्ग, तीस-चाळीस मुलं. नाटक ऐन गाठीशी आणून थांबवायचं आणि मुलांना विचारायचं, आता याने काय करावं? मुलं सांगतील तसं नाटक पुढे जातं. मुलं भांडतात, मतं बदलतात, कधी पात्रालाच रागावतात. बघ्यांची गर्दी राहत नाही. तुम्ही एकदा असं छोट्या गटात करून बघा.


ओठ_न_हलवता | १९ जानेवारी, रात्री १०:१५

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

खडूफळा सर, चहाच्या डागावरून हसलो, पण तुमचं बरोबर आहे. पुस्तकं विकणारे आमच्या धंद्याची अब्रू घालवतात. खिचडीचं मात्र मुद्दाम नसतं हो. सकाळी एक शाळा करून दुसरीकडे पोचेपर्यंत तीच वेळ होते.

नाट्यवेडा भाऊ, चाळीस पोरांचं गणित सांगतो. चाळीस गुणिले दहा, चारशे रुपये. त्यातून तिघांचं जेवण आणि डिझेल... नाही, ओम्नी पेट्रोलवर चालते, म्हणजे अजूनच महाग. म्हणून तर मोठी शाळा लागते. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे, आणि ते मला एका चौथीच्या पोरीने शिकवलं. ते सांगतो, जरा लांबेल.

बोलक्या बाहुल्याची कला म्हणजे शब्दभ्रम. आपल्या महाराष्ट्रात म्हटलं की लोकांना यशवंत पाध्ये आणि रामदास पाध्ये यांचा अर्धवटराव आठवतो. आम्ही त्या पंगतीत शेवटी पत्रावळी वाढणारे. यातली खरी अडचण ओठांची. क, ग, त, द, च, ज, न, र, स हे सगळे आवाज जिभेवर नाहीतर घशात निघतात, ओठ न हलवता म्हणता येतात. पण प, फ, ब, भ, म या पाचांना ओठाला ओठ लावल्याशिवाय गत्यंतर नाही. मग आम्ही चोरी करतो. 'म'च्या जागी दबका 'न', 'ब'च्या जागी 'ड' किंवा 'ग', 'प'च्या जागी 'त', आणि तेही वाक्याच्या वेगात पळवायचं. ऐकणाऱ्याचा कान उरलेलं स्वतः भरून घेतो. नाहीतर तो शब्दच टाळायचा. म्हणून माझ्या बाहुल्याचं नाव दगड्या. एकदाही ओठ लागत नाही.

आधी दगड्या पुस्तकी मराठी बोलायचा. शहरात चालायचं. पण साक्री तालुक्यातल्या एका शाळेत पहिली-दुसरीची पोरं नुसती बघत बसली. हसू नाही, टाळी नाही. मी घामाघूम. शेवटी माझ्याच तोंडून निघून गेलं, "काय शे रे? कथा जास?" (काय आहे रे? कुठे जातोस?) आणि शाळा उठली की हो! "बाहुली बोली राहिनी! आपलं बोली राहिनी!" म्हणजे इतका वेळ तो बोलत होता ते बोलणं नव्हतंच त्यांच्या लेखी. तेव्हापासून दगड्या अहिराणीतच बोलतो. जळगावच्या इंग्रजी शाळेतही.

पण अहिराणीत एक गोची झाली. "काय शे", "कथा जास" सोपं. पण माय, बाप, भाऊ, भो, पोऱ्या, माले, मन्हा... जिव्हाळ्याचे सगळे शब्द ओठांचे! मी ते टाळत गेलो. दगड्या काका म्हणायचा, आजी म्हणायचा, माय कधी म्हणायचा नाही. दोन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. मग शिंदखेड्याकडे एका छोट्या शाळेत पाऊस लागला, बाहेर पडता येईना, म्हणून वर्गातच सव्वीस पोरांसमोर बसून गप्पा मारत होतो. मी आणि मांडीवर दगड्या. चौथीतली एक पोरगी उठली आणि मला विचारते, "काका, दगड्याले माय नही शे का?"

मला काही सुचेना. दगड्यालाही.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिने तिच्या आईचं जुनं लुगडं कापून दगड्याची माय शिवली. आता ती पडद्यामागून बोलते, दगड्याला दटावते, त्याचं नाक पुसते. सगळे ओठांचे शब्द तिच्या वाट्याला. आमच्या अख्ख्या कार्यक्रमातला हाच भाग पोरांना सगळ्यात आवडतो.


गिरणामाई | १९ जानेवारी, रात्री १०:४०

डोळ्यांत पाणी आणलंत जिभाऊ.


शेवभाजी_स्पेशल | १९ जानेवारी, रात्री १०:४४

आरशासमोर उभा राहून अर्धा तास 'भरीत' म्हणायचा प्रयत्न करतोय. 'डरीत' होतंय.


भुसावळ_जंक्शन | २० जानेवारी, सकाळी ११:००

मनोरंजन आणि शिकवणं एकत्र होऊ शकतं यावर आमच्या शाळेतली एक आठवण. स्पिक मॅकेचं नाव ऐकलं असेल. दिल्ली आयआयटीतले प्राध्यापक किरण सेठ यांनी १९७७ मध्ये सुरू केलेली चळवळ, मोठमोठे कलाकार शाळा-कॉलेजांत जाऊन गातात, वाजवतात, मुलांना तिकीट नाही. तशाच धर्तीवर आमच्याकडे एका शिक्षकांनी त्यांच्या ओळखीचे तबलजी आणले होते.

आम्ही सातवीचे, पहिली दहा मिनिटं नुसती चुळबुळ. त्यांनी ते ओळखलं आणि वाजवणं थांबवलं. तबला उचलून पहिल्या रांगेत दिला. म्हणाले, मधला काळा गोल बोटाने चाचपा. ती शाई. लोखंडाचा बारीक भुगा आणि भाताची खळ यांचा थरावर थर देऊन घोटलेली. मग एक शाई नसलेलं, नुसतं कातडं ताणलेलं भांडं वाजवलं, ते धप्प. लगेच तबला वाजवला, तो टणत्कारला. फरक शाईचा. साडेपाचशे पोरांत सुई पडली तर ऐकू येईल अशी शांतता. मी पुढे भौतिकशास्त्र घेतलं, त्याचं श्रेय आमच्या विज्ञानाच्या सरांना द्यायला हवं, पण मनात ती शाईच आहे.


अमळनेरकर | २० जानेवारी, दुपारी १२:३०

साने गुरुजी १९२४ ते १९३० आमच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे, गोष्टी सांगायचे. गोष्ट सांगणारा मास्तर हाच खरा कलावंत. प्रत्येक शाळेत असा एक असला तर बाहेरून कोणाला बोलवायची गरज नाही.


खडूफळा | २० जानेवारी, दुपारी १२:४५

अमळनेरकर आले आणि साने गुरुजी आले नाहीत असं या संस्थळावर एकदाही झालेलं नाही. :)

गुरुजींच्या वसतिगृहात ऑनलाइन माहिती भरायची नव्हती हो. आमच्याकडे दोन शिक्षक, पाच वर्ग. एक जण माहिती भरतो, दुसरा पाच वर्ग सांभाळतो. बाहेरून कोणी तासभर आलं तर पोरांइतकाच आमचाही जीव सुखावतो. खरं सांगायचं तर कार्यक्रम लागला की मी पोरांमागे खुर्ची टाकून बसतो आणि पहिल्यांदा त्यांची तोंडं नीट बघतो. कोण हसतं, कोण हसत नाही, कोणाला ऐकूच कमी येतंय. एका पोराचं कानाचं दुखणं मला जादूच्या खेळात कळलं. प्रत्येक वेळी तो शेजाऱ्यानंतर हसत होता.

@उगाच_बोलतो, निपुणच्या अहवालात हे कुठे भरू?


सातपुड्याची_सर | २० जानेवारी, रात्री ९:१०

धडगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिकवते. इथे रेंज मिळायला टेकडीवर यावं लागतं, म्हणून उशीर.

तुमचे सगळे कलाकार शहाद्यापर्यंत येतात आणि माघारी फिरतात. म्हसावदच्या पुढे घाट लागला की ओम्नीचा श्वास लागतो, मान्य आहे. पण नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला तो याच डोंगरातल्या लोकांसाठी ना?

तुमच्या अहिराणीच्या गोष्टीला माझी जोड. आमच्या पहिलीच्या पोरांना अहिराणीही परकीच. घरी पावरी नाहीतर भिली. शाळेत पुस्तकातली मराठी. तिसरीपर्यंत अर्धी पोरं माझ्या तोंडाकडे बघून अंदाजाने मान हलवतात. त्यांच्यासमोर शब्दांचा खेळ करून उपयोग नाही. पण तीन वर्षांपूर्वी एक जोडपं आलं होतं, सावल्यांचा खेळ करणारं. आश्रमशाळेची सोय अशी की पोरं तिथेच राहतात, म्हणजे रात्र मोकळी. जेवणं झाल्यावर मैदानात पांढरी चादर बांधली. सुरू केलं आणि वीज गेली. मग अधीक्षकांनी मोटरसायकल आणून चादरीमागे हेडलाइट लावला. पुठ्ठ्याचा कोल्हा, पुठ्ठ्याचा कावळा, एकही संवाद नाही, नुसती ढोलकी.

मजा पुढे झाली. खेळ संपल्यावर आठवीतली पोरं पुढे आली, त्यांनी आपला ढोल आणि बासरी आणली आणि कोल्ह्याला नाचवायला लावलं. होळीला नाचतात तो ठेका. त्या जोडप्याला तो पकडता येईना. पोरं त्यांना हात धरून शिकवत होती. मराठीच्या तासाला तोंड न उघडणारा एक पोरगा त्या रात्री मास्तर झाला होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला स्वतःहून पहिलं वाक्य ऐकवलं, "मॅडम, कोल्हा परत कधी येणार?" व्याकरण बिनचूक.

आश्रमशाळेत पैशाचा प्रश्न वेगळा आहे. पोरांकडे दहा रुपये नसतातच, मागणारच कोणाकडे? त्या दोघांना आम्ही जेवण, मुक्काम आणि सगळ्या शिक्षकांनी मिळून पाकीट दिलं. तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात रीतसर अर्ज देऊन काही होतं का ते विचारून बघा, पण वर्षाच्या सुरुवातीला द्या, जानेवारीत नाही.


कंदील_विझवा | २१ जानेवारी, सकाळी ८:२५

मी जादूचे प्रयोग करतो पण उलटे, म्हणजे करून दाखवतो आणि मग कसं केलं ते सांगतो. चमत्कारामागचं विज्ञान. नारळातून धूर, मंत्राने पेटणारं होमकुंड वगैरे. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये झाला, पण कायदा पुस्तकात असतो आणि सातपुड्यात अजून एखाद्या बाईला डाकीण ठरवतात. पोरांनी डोळ्यांनी बघितलेलं जास्त टिकतं.

थोडी गंमत सांगतो. होमकुंडात पोटॅशियम परमँगनेटची पूड असते, 'तूप' म्हणून ओतायचं ते ग्लिसरीन. काही सेकंदांत आपोआप पेट घेतं, तोवर मी मंत्र पुटपुटतो. तोरणमाळकडे डिसेंबरात सकाळी साडेआठला प्रयोग लावला. थंडीत ही क्रिया मंदावते, हे मला ठाऊक होतं, पण इतकी? माझे मंत्र संपले. पोरं बघतायत. मी म्हटलं, आता तुम्ही सगळे बाराचा पाढा म्हणा. बारा एके बारा... आणि बारा साते चौऱ्याऐंशीला भडका उडाला!

नंतर सगळं समजावलं, गार-गरम दोन वाट्यांत करून दाखवलं. तरी निघताना दोन पोरं एकमेकांत कुजबुजत होती की बाराच्या पाढ्यात काहीतरी आहे. त्यांच्या सरांचा फोन आला होता, वर्गाचा बाराचा पाढा पाठ झाला म्हणून. आता याला यश म्हणायचं की अपयश?

(हे घरी करायला देऊ नका. मी पुडीवर नाव लिहीत नाही आणि सामान कुलपात ठेवतो.)


शेवभाजी_स्पेशल | २१ जानेवारी, सकाळी ८:४०

आमच्या वेळी साप घेऊन यायचे राव. धामण गळ्यात घालून फोटो. ते भारी होतं.


खडूफळा | २१ जानेवारी, सकाळी ९:००

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते बंद आहे आणि बंदच राहू दे. त्या धामणीचं तोंड शिवलेलं असायचं कित्येकदा. आता सर्पमित्र येतात ते चित्रं दाखवून विषारी-बिनविषारी सांगतात. शेतात राबणाऱ्या घरातल्या पोरांना त्याचा जास्त उपयोग.

मूळ मुद्द्यावर येतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायचे म्हटलंय, स्थानिक कलाकार-कारागीर शाळेत बोलवावेत असंही आहे. तुम्ही मुख्याध्यापकांना भेटाल तेव्हा 'मनोरंजनाचा कार्यक्रम' म्हणू नका, 'दप्तराविना दिवस' म्हणा. आम्हालाही कागदावर लिहायला बरं पडतं. आणि पैशांचं गिरणामाईंच्या रायरंदासारखं करून बघा. पोरांना नका सांगू, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत या. तिथे सरपंच असतात, पालक असतात. माझ्या शाळेपासून सुरू करा. फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी. सकाळी आठला, खिचडीच्या कितीतरी आधी.


उगाच_बोलतो | २१ जानेवारी, दुपारी २:००

गाव देईल हे स्वप्न आहे. लावा पैज.


खडूफळा | २१ जानेवारी, दुपारी २:०५

लागली. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी.


ओठ_न_हलवता | २ मार्च, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. खडूफळा सरांच्या शाळेत जाऊन आलो.

बैठकीला मी आधी एकदा गेलो होतो, दगड्याला घेऊन. मी बोललो तर कोणी ऐकलं नसतं, म्हणून दगड्याच बोलला. सरपंचांना विचारलं, "काय सरकार, तिजोरीत काय शे?" हशा झाला आणि हजार रुपये ठरले. दूध डेअरीने पाचशे दिले. जुन्या विद्यार्थ्यांचा एक गट आहे, त्यातला सुरतेला कामाला असलेला एक जण म्हणाला, मी पूर्वी एका खेळाला वर्गात बसून राहिलो होतो, माझे सातशे धरा. मी फोनवर काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

पोरं एकशे बारा. एकदम नाही बसवली, नाट्यवेडा भाऊंचं ऐकून तीन गट केले. तिसऱ्या खेळाला घसा बसला, दगड्या बेडकासारखा बोलत होता, तेही पोरांना आवडलं. मधल्या गटात खेळ थांबवून विचारलं, दगड्याने शाळेतून पळून जाऊन केळीच्या ट्रकवर बसावं का? पोरांचे दोन पक्ष पडले. शेवटी एका पोराने तोडगा काढला : "बसू द्या, पण मायले सांगीसन." हा शेवट आता कायमचा.

यादी कोणी वाचली नाही. खिडक्या उघड्याच होत्या. बाहेर गुरं घेऊन चाललेले दोघं-तिघं बाप्ये उभे राहून बघत होते, त्यांना सरांनी आत बोलावलं.

निघताना एक आजी आल्या आणि ओम्नीत अर्धं पोतं दादर ठेवून गेल्या. मग बाकीच्या बायकांना राहवेना. डाळ, शेंगा, केळीचा एक घड. मामेभाऊ म्हणाला, मागची सीट आता काढूनच टाकू.

सातपुड्याची_सर ताई, जुलैत अर्ज करतो. घाटाआधी ओम्नीचं काम करून घ्यायचं आहे.


खडूफळा | २ मार्च, रात्री १०:५०

@उगाच_बोलतो, भरिताची वांगी संपत आलीत. लवकर या.


उगाच_बोलतो | २ मार्च, रात्री ११:१५

येतो. भाकरी माझ्याकडून. आणि सर, माझ्या पोराच्या शाळेतही विचारायचं होतं. तारीख मिळेल का?


गिरणामाई | ३ मार्च, सकाळी ६:५०

जिभाऊ, दादर कुठली? तापीकाठची असेल तर भाकरी करून बघा आणि सांगा.


ओठ_न_हलवता | ३ मार्च, सकाळी ७:३०

तापीकाठचीच ताई. दळून आणली, आत्ताच तव्यावर आहे. पांढरीशुभ्र, टम्म फुगलीय.